मीटरला एक माणूस

कर्जतला गाडी थांबते ती मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावण्यासाठी. तेवढ्या वेळात खिडकीतून वडे घ्यायचे, आणि गाडी हलली की घाटातले बोगदे नि धबधबे बघत लोणावळ्याला पोचायचं, अशी आपल्याकडची जुनी रीत आहे. मला मात्र हल्ली या चढावर एक आकडा स्वस्थ बसू देत नाही.

बोरघाटातला हा लोहमार्ग १८५६ साली बांधायला घेतला आणि १८६३ साली सुरू झाला. लांबी सुमारे २५ किलोमीटर, चढ १८३१ फूट, बोगदे २५. ऐन कामाच्या धडाक्यात, १८६१ साली, इथे ४२ हजार मजूर राबत होते. आणि त्या सातआठ वर्षांत मेलेल्यांचा अंदाज आहे सुमारे २४ हजार. म्हणजे जवळजवळ दर मीटरला एक माणूस. रेल्वेच्या एका डब्याच्या लांबीत वीसेक जण, अठरा डब्यांच्या गाडीखाली चारशेच्या आसपास.

सुरुंग उडवताना, कड्यावरून पडून कितीतरी गेले. त्यांच्या जोडीला पटकी होती, हिवताप होता, हगवण होती. ठेकेदारही सुटला नाही. सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली इंग्लंडहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारी पडून वारला. ठेका त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, पुढे चालवून काम तडीस नेलं. या दोघांची नावं इतिहासात आहेत. २४ हजारांची नाहीत.

मग याच रुळांवरून मरणाने प्रवास केला. १८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला आणि तो लगोलग पुण्यात शिरला. १० मार्च १८९७ रोजी रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले त्याला बळी पडल्या. पुढच्या पंचवीस वर्षांत प्लेगने देशात एक कोटीच्या घरात माणसं नेली. १९१८ साली मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, आली. मुंबईत एकट्या ६ ऑक्टोबरला ७६८ मृत्यू नोंदले गेले. साऱ्या हिंदुस्थानात त्या साथीने किती गेले याचा अंदाज १ कोटी २० लाखांपासून १ कोटी ८० लाखांपर्यंत जातो. आजच्या भारताच्या हद्दीतली १९११ सालची २५ कोटी २० लाख लोकसंख्या १९२१च्या जनगणनेत वाढली नाही, उलट सात लाखांहून जास्त घटली. दहा वर्षांत जन्मलेली सगळी मुलं जमेला धरूनही.

त्या दशकात दर हजारी वर्षाला सुमारे ४७ माणसं मरत होती. २०११च्या जनगणनेत घाटमाथ्यावरचा मावळ तालुका पावणेचार लाखांच्या घरात होता. तेवढ्या वस्तीला तो जुना दर लावून पाहा: वर्षाला साडेसतरा हजार प्रेतं, रोज अठ्ठेचाळीस. आजचा देशाचा दर हजारी सहाच्या आसपास आहे, म्हणजे रोज सहा. उरलेली बेचाळीस माणसं वडगावच्या बाजारात आहेत, कामशेतच्या फलाटावर आहेत, भातलावणीला चिखलात उभी आहेत.

ही माणसं कशाने वाचली? पिण्याचं पाणी, लस, मीठ-साखरेचं पाणी, प्रतिजैविकं, सुईणींच्या हातची स्वच्छता. देवीचा देशातला शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला. १९७१ साली जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाची होण्याआधीच जात होती; २०२३ साली २५. मला या दोन आकड्यांमधल्या अंतराहून मोठं काही आपल्या शतकात घडलेलं दिसत नाही.

मरण मात्र थांबलं नाही, त्याने वाट बदलली. १९९० साली देशातल्या निम्म्याहून जास्त मृत्यूंमागे संसर्ग, बाळंतपण आणि कुपोषण होतं: ५३.६ टक्के. २०१६ साली हे प्रमाण २७.५ टक्क्यांवर आलं आणि हृदयविकार, पक्षाघात, मधुमेह, कर्करोग, दमा अशा न पसरणाऱ्या आजारांचं ६१.८ टक्क्यांवर गेलं. त्या वर्षी हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांनी सुमारे २८ लाख माणसं गेली. दिवसाला साडेसात हजारांहून जास्त. घाटाने सातआठ वर्षांत जेवढे घेतले, तेवढे आता देशात तीन दिवस आणि थोड्या तासांत जातात, आणि त्यांतले निम्म्याहून अधिक सत्तरीच्या आतले असतात.

त्याच वर्षी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर अपघातांत १५१ जण दगावले. त्याच्या बातम्या झाल्या, मोहीम उभी राहिली, पुढच्या चार वर्षांत मृत्यू निम्म्याहून खाली आले. हे व्हायलाच हवं होतं. पण रक्तदाबाची गोळी परवडत नाही म्हणून एक दिवसाआड घेणाऱ्या माणसाची बातमी कोण करणार? पटकीला वेशीवर मरीआईचं ठाणं होतं, देवीला शितळा होती. साथ आली की सारं गाव जागं व्हायचं. हा नवा आजार प्रत्येक घरात एकेकट्याला गाठतो.

आणि तो कागदावरही धड येत नाही. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२.५ टक्क्यांचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलं होतं. जिथे दाखला असतो तिथेही अनेकदा एवढंच लिहिलेलं आढळतं: हृदयक्रिया बंद पडून. घाटात सुरुंगाने उडालेल्याची हृदयक्रियाही बंदच पडली होती, आणि पटकीने गेलेल्याचीही.