जाणिवेतून नेतृत्व : डॉ. कोटणीस यांची सव्वाचार वर्षे

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक प्रश्न हमखास निघतो : नेतृत्व उपजत असते की घडवता येते? उत्तरादाखल जी नावे घेतली जातात ती इतकी मोठी असतात की ऐकणारा हात जोडतो आणि मोकळा होतो. त्या माणसांत आणि आपल्यात काही नाते असू शकते, हेच त्याला पटत नाही. आम्हा सोलापूरकरांना याबाबतीत फार लांब जायला नको. भैय्या चौकातल्या कोटणीसांच्या घरी आज स्मारक आहे. शाळेच्या सहली तिथे येतात, मुले तसबिरी पाहतात आणि ‘अमर कहाणी’ एवढे शब्द घेऊन परततात. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढल्यापासून हे शब्द त्या नावाला चिकटले आहेत. कहाणी अमर झाली की माणूस कसा घडला हे विचारायचे राहून जाते, म्हणून हा लेख.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात झाले. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर काँग्रेसने डॉक्टरांचे पथक पाठवायचे ठरवले. सुभाषबाबूंनी आवाहन केले, देशभरातून निधी जमला आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच डॉक्टर मुंबईहून बोटीने निघाले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस. पथकप्रमुख होते डॉ. अटल. त्यांना स्पेनच्या यादवी युद्धाचा अनुभव होता, नागपूरचे डॉ. चोळकर वयाने ज्येष्ठ होते. कोटणीस अठ्ठावीस वर्षांचेही झाले नव्हते. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी चालू होती आणि चीनबद्दलची माहिती तुमच्या-आमच्याइतकीच. त्या काळच्या घरांत चीन म्हणजे रेशमी कापड विकायला येणारे फेरीवाले. या पाचांतून पुढारी कोण होईल अशी पैज लागली असती, तर कोटणीसांवर कुणी पैसे लावले नसते.

तरी जानेवारी १९४१ मध्ये उत्तर चीनच्या डोंगराळ भागातील डॉ. बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते संचालक झाले. मधल्या सव्वादोन वर्षांत काय घडले, हाच आपल्या अभ्यासाचा विषय.

पहिली गोष्ट भाषेची. जखमी शेतकरी-सैनिकाला कुठे दुखते हे दुभाष्यामार्फत किती काळ विचारणार? आपले ज्ञान पुरेसे आहे पण ते पोहोचत नाही, ही उणीव त्यांनी ओळखली. ते चिनी शिकले, बोलू-लिहू लागले आणि त्या भाषेतून विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकवू लागले. पथकातील सर्वांनी आपल्या चिनी नावाला चीनवाचक ‘हुआ’ जोडले. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. माझ्या मते त्यांच्या नेतृत्वाचा पाया पदाने घातला नाही, या भाषेच्या वहीने घातला. हाताखालच्या माणसाला आपली भाषा शिकायला लावणारे अधिकारी पुष्कळ असतात.

दुसरी कसोटी घरची. चीनमध्ये असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परतण्याला कुणी नावे ठेवली नसती, पण कोटणीस परतले नाहीत. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी आठशेहून अधिक जखमींवर उपचार केले. सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्याचीही नोंद आहे. पुढे पथकातले बाकीचे चौघे एकेक करून मायदेशी आले. (त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. डॉ. बसू तर १९४३ पर्यंत तिथेच होते.)

आता सकारात्मकतेविषयी. आपल्याकडे तिचा अर्थ ‘चांगलेच होईल असे मनात आणा’ एवढाच लावतात. मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएले ओटिंगेन यांनी वजन कमी करण्याच्या कार्यक्रमातील पंचवीस स्त्रियांचा अभ्यास केला, तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. आपल्याला हे जमेल असे ज्यांना वाटत होते, त्यांचे वजन अधिक उतरले. सडपातळ झाल्याची गोड स्वप्ने ज्या रंगवत बसल्या, त्यांचे कमी उतरले. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन वेगळ्या गोष्टी निघाल्या. स्वप्नात काम आधीच झालेले असते, मग हात कशाला हलवायचे? कोटणीसांची वृत्ती पहिल्या जातीची. औषधे अपुरी, थंडी कडक, शत्रू जवळ, हे सारे नजरेसमोर ठेवून आजच्या जखमीचे काय करायचे ते त्यांनी ठरवले. परिस्थिती नाकारून येणारा उत्साह शिबिराच्या दुसऱ्या दिवशी ओसरतो, हे आपण पाहतोच.

मात्र गौरव करताना एक बाजू झाकू नये. ज्यांच्या नावाचे ते रुग्णालय, ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून शस्त्रक्रिया करताना बोट कापून रक्तदोषाने १९३९ मध्ये वारले होते. ते उदाहरण समोर असूनही कोटणीस स्वतःच्या शरीराबाबत तितके जागरूक राहिले नाहीत. अपस्माराचे झटके येत होते, काम थांबत नव्हते. दुसऱ्याची वेदना अचूक टिपणारी जाणीव स्वतःपाशी आली की बोथट का होते? आपल्या घराघरांतल्या आया आणि कर्तबगार कार्यकर्ते याच वाटेने जातात, आणि आपण त्याला त्याग म्हणून टाळ्या वाजवतो. मला त्या टाळ्यांत सामील होता येत नाही. बत्तीस वर्षांच्या शल्यविशारदाने विश्रांती घेतली असती, तर त्याच्या हातून आणखी किती विद्यार्थी तयार झाले असते, हा हिशेबही नेतृत्वाच्या अभ्यासात मांडायला हवा.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. ‘यिन’ म्हणजे भारत, ‘हुआ’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ रोजी कोटणीस गेले, तेव्हा मूल चार महिन्यांचेही नव्हते. विद्यार्थ्यांसाठी ते शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत होते, ते अर्धेच राहिले.