रक्ताशी गाठ: जैवसंवेदक, सच्छिद्र पडदे आणि नाशिकचे पाडे

सुरगाणा, पेठ, कळवण या नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार शोधायचा तर पहिली चाळणी असते सोल्युबिलिटी टेस्टची. बोटातून थेंबभर रक्त घेऊन नळीतल्या द्रावणात टाकायचे. ते गढूळ झाले आणि मागच्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, की संशय. पण माणूस रुग्ण आहे की नुसता वाहक, हे त्यातून कळत नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन भरपूर असते, त्यामुळे तिथे ही चाचणी भरवशाची नाही. आणि लवकर निदानाची सर्वाधिक गरज त्याच बाळाला असते.

मग नमुना इलेक्ट्रोफोरेसिसला जातो. तिथे सेल्युलोज ॲसिटेटचा सच्छिद्र पडदा निवाडा करतो. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन आले, की एक ऋणभार घटतो आणि ते हिमोग्लोबिन अल्कधर्मी द्रावणात धन टोकाकडे जाताना मागे पडते. एका अमिनो आम्लाचा फरक पडद्यावर उघड्या डोळ्यांनी दिसतो!

रक्तातले घटक मोजणारे जैवसंवेदक आणि असे पडदे यांचे नाते जुनेच आहे. रक्तातला ऑक्सिजन मोजताना उघड्या प्लॅटिनमवर प्रथिनांचा थर बसे. लेलँड क्लार्क यांनी 1956 मध्ये इलेक्ट्रोडवर पॉलिथिलीनचा पडदा ताणून त्यावर मात केली. 1962 मध्ये त्यांनी आणि चॅम्प लायन्स यांनी पडद्याआड ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर कोंडले. आजच्या ग्लुकोमीटरचे मूळ तिथे आहे.

त्यानंतर संवेदकांच्या पृष्ठभागांची रचना अधिकाधिक बारीक होत गेली. ॲल्युमिनियम आम्लात विजेने ऑक्सिडाइज केले, की मधाच्या पोळ्यासारखी काही डझन नॅनोमीटरची छिद्रे आपोआप उभी राहतात. सुमारे एका नॅनोमीटरच्या प्रथिन-छिद्रातून डीएनएचा धागा ओढून त्याचा क्रम वाचता येतो. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने यू आकारात वाकवलेल्या प्रकाशतंतूवर सोन्याचे नॅनोकण बसवून संवेदक घडवले. सोन्याच्या त्याच लाल कणांवर गर्भचाचणीची पट्टी चालते, आणि सिकलसेलची नवी झटपट पट्टीही. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा रुधिरविज्ञान संस्थेने अशा पट्ट्या पारखल्या आहेत.

तरीही या संशोधनाचा मोठा भाग अजून स्वच्छ बफर द्रावणात अडकला आहे, असे माझे मत आहे. खऱ्या रक्तात अल्ब्युमिन क्षणात पृष्ठभागाला चिकटते, छिद्रे बुजतात आणि संकेत मंदावतो. म्हणजे क्लार्क यांच्यापुढची अडचण अजून संपलेली नाही.

1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचे लक्ष्य सात कोटी लोकांच्या तपासणीचे आहे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे आणि सुरगाणा त्याच जिल्ह्यात. नव्या संवेदकाची पहिली कसोटी तिथे लागावी: नवजात बाळांच्या रक्तावर, एप्रिलच्या उन्हात, फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात. आणि जिथे पट्टी चुकली, ते निकालही छापले जावेत.