जन्म मस्कतचा, रांग भारताची

दोन वर्षांच्या सशर्त ग्रीन कार्डाबद्दल या वेळी लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. मधे ठाण्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलं आणि त्यातल्या एका वाक्याने दुसरं काही सुचू दिलं नाही.

जावई ह्यूस्टनला, ईबी-२ या नोकरीवरच्या ग्रीन कार्डाच्या वर्गात, प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) २०१६ ची. मुलगी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाच्या आधाराने. ‘यांचा नंबर लागेपर्यंत नात कॉलेजात जाईल,’ असं लिहून शेवटी सहज जोडलंय: ‘मुलगी मस्कतची. तिचे बाबा तेव्हा तिकडे नोकरीला होते.’

बाई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही शेवटी लिहिलीत!

नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,०००, आणि कुठल्याही एका देशाच्या वाट्याला ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणून भारताची रांग इतकी लांब. पण देश कुठला धरायचा? पासपोर्टचा नव्हे, जन्माचा. तुमची लेक भारतीय नागरिक आहे, घरात मराठी बोलते, मोदक करते. तरी या हिशेबात ती ओमानची. आणि नवऱ्याची रांग बायकोच्या जन्मदेशाच्या खात्यावर टाकता येते. याला म्हणतात क्रॉस चार्जेबिलिटी.

अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्याच्या कलम २०२ (बी) मध्ये ही सोय आहे, आणि तिचं कारणही तिथेच दिलंय: नवरा-बायकोची ताटातूट होऊ नये. एवढ्या रूक्ष कायद्यात हे कारण लिहिलेलं आहे, याचं मला दर वेळी अप्रूप वाटतं. दोघांपैकी अर्ज कुणाच्या नोकरीवर आहे, याने फरक पडत नाही. नवरा बायकोला कार्डाचा हक्क देतो, बायको नवऱ्याला आपला देश देते. म्हणूनच दोघांची कार्डं एकाच वेळी मंजूर व्हावी लागतात. नवऱ्याने आधी घ्यावं आणि बायकोने सवडीने मागून यावं, हे इथे चालत नाही.

मुलांचं मात्र एकतर्फी आहे. मुलाला आई किंवा बाबांचा देश घेता येतो, पण दुबईत जन्मलेल्या बाळाचा देश आईबाबांना घेता येत नाही.

लग्न उशिरा झालं तरी हरकत नाही, नवऱ्याला ग्रीन कार्ड मिळण्याआधी झालेलं असलं म्हणजे पुरे. कंपनीने केलेला आय-१४० अर्ज पुन्हा करावा लागत नाही, जुनी तारीख तशीच राहते. मागणी करायची ती शेवटच्या पायरीवर, ग्रीन कार्डाच्या आय-४८५ अर्जाच्या वेळी. तुमच्या जावयाची २०१६ ची तारीख भारताच्या रांगेत अडकली आहे. ओमान ज्या ‘इतर देशां’च्या रकान्यात येतो, तिथे ती केव्हाच मागे पडली.

आता कपाट उघडा. आखातात जन्मलेल्या कितीतरी मुलांचे कागद मी पाहिलेत: अरबी जन्मदाखला, त्याला टाचलेलं इंग्रजी भाषांतर, घडीवर फाटलेलं. पुढे कुणीतरी शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून मूळ गाव टाकतं, चिपळूण किंवा सावंतवाडी, आणि तेच पासपोर्टवर चढतं. मग अमेरिकेतला अधिकारी विचारतो, खरं कुठलं? मुलीच्या पासपोर्टवर ‘प्लेस ऑफ बर्थ’समोर काय छापलंय, ते आजच तिला फोन करून विचारा. मस्कत असेल तर जावयाला सांगा, या आठवड्यातच वकिलाची वेळ घ्या.