स्क्रू पिळायच्या यंत्राने भोक कसे पाडायचे

आमच्या घरात भांड्यांची लोखंडी मांडणी आहे. तुमच्याही घरात असेल. दोन खिळ्यांवर टांगलेली, खाली ताटे-वाट्या, मध्ये तांबे, आणि सगळ्यात वर जड हंडा. हंडा वर का ठेवतात ते मला अजून कळलेले नाही, पण सगळ्यांच्या घरी तो वरच असतो.

आपल्या डहाणू-तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले, तेव्हा मी अंगणवाडीत होते. १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवसांत धुंदलवाडीकडची माणसे थंडीत घराबाहेर निजत होती. सरकारने तंबू दिले. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने आपल्या भागात भूकंप मोजायची यंत्रे आणून बसवली. हे मोठ्या माणसांना माहीतच आहे. मला एवढेच आठवते की जमिनीखालून ट्रक गेल्यासारखा आवाज आला आणि आमची मांडणी धाडकन खाली आली. ती पडली तिथे माझा धाकटा भाऊ रोज निजायचा. तो तेव्हा तान्हा होता. त्या रात्री तो रडत होता म्हणून आजीने त्याला उचलून अंगणात नेला होता.

बाबांनी मांडणी पुन्हा टांगली, जरा मोठे खिळे मारून. धक्के पुढेही अधूनमधून येत राहिले, आणि दर धक्क्याला खिळा थोडा थोडा बाहेर यायचा. यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हात लावला तर खिळा बोटाने हलला. म्हणून हा लेख.

आधी खिळा का निघतो ते सांगते. खिळा गुळगुळीत असतो. लाकडात ठोकला की तो लाकडाचे तंतू बाजूला दाबून आत बसतो आणि ते तंतू त्याला दोन्ही बाजूंनी चेपून धरतात. नुसत्या घासण्यावर तो टिकून असतो. घर हलले की मांडणी मागेपुढे ओढते, भोक रुंद होते, चेपणे कमी होते. स्क्रूचे तसे नाही. त्याला आटे असतात. एकेक आटा लाकडात रुतून बसतो, त्यामुळे स्क्रू सरळ ओढून निघत नाही, उलटा पिळावा लागतो.

पण स्क्रू सागाच्या खांबात असाच पिळायला गेलात तर अर्ध्यात अडकतो. जास्त जोर केला की त्याच्या डोक्याची खाच झिजते, नाहीतर खांबाला उभी चीर पडते. आमचा खांब आजाच्या बापाने रोवलेला. त्याला चीर पडली असती तर आजाने मला घरात घेतले नसते. म्हणून स्क्रूच्या आधी त्याच्यापेक्षा बारीक भोक पाडायचे. ८ नंबरचा स्क्रू सुमारे ४ मिलिमीटर जाड असतो, त्याला ३ मिलिमीटरचे भोक बरोबर होते. मधला दांडा भोकात मोकळा जातो आणि फक्त आटे लाकडात रुततात.

मग भोक पाडायचे कशाने? आजाजवळ जुना सामता आहे. सामता म्हणजे लाकडाचा एक लाट्यासारखा दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी पाते, वर धरायला करवंटी, आणि दांड्याला दोरीचा वेढा देऊन धनुष्यासारखी कमान. कमान पुढेमागे ओढली की दांडा एकदा इकडे, एकदा तिकडे फिरतो. काम चांगले होते, पण दोन हात लागतात आणि अंगाचा भार टाकायला जागा लागते. मांडणीची जागा छपराच्या कोपऱ्यात, तिथे कमान ओढायला जागाच नाही. गिरमिट हाताने पिळायचे असते. ते माझ्याने सागात जात नाही, बाबांच्याने जाते, पण बाबा चिकूच्या वाडीवरून संध्याकाळी उशिरा येतात.

काका उंबरगावच्या कारखान्यात कामाला आहेत. त्यांनी बॅटरीवर चालणारा स्क्रू ड्रायव्हर आणला. बटण दाबले की तो स्वतःच फिरतो, वायर नाही. चार्ज करून ठेवला की लाईट गेली तरी चालतो, आणि आपल्याकडे पावसाळ्यात लाईट किती असते ते मी लिहायला नको. पण त्याच्या तोंडाला गोल भोक नाही, सहा कोनांचा खळगा आहे, पाव इंचाचा, म्हणजे ६.३५ मिलिमीटरचा. त्यात सहा कोनांच्या बुडाचेच टोक बसते. भोक पाडायची बिटे आमच्याकडे होती ती गोल दांड्याची. मी एका बिटाला कागद गुंडाळून खळग्यात कोंबले. यंत्र फिरले, कागद फिरला, बिट मात्र जागेवरच राहिले. मग चिंधी लावली. तेव्हा बिट वाकडे फिरले आणि मोडले. काका ओरडले नाहीत. "आता ह्येला चक आणूया," एवढेच म्हणाले.

तलासरीच्या हार्डवेअरच्या दुकानात तो मिळाला. हा मधला जोड असतो. त्याचे मागचे बूड सहा कोनांचे, ते यंत्रात बसते. पुढे चक. चकच्या तोंडात तीन जबडे असतात. बाहेरची कडी हाताने पिळली की तिन्ही जबडे एकाच वेळी सारखे जवळ येतात आणि गोल बिटाला बरोबर मध्ये पकडतात. कसे येतात? चकच्या अंगात तीन तिरप्या नळ्या आहेत आणि त्यांत एकेक जबडा सरकतो. जबड्यांच्या पाठीला आटे आहेत आणि कडीच्या आत त्या आट्यांत बसणारे नट आहे. कडी पिळली की नट जबड्यांना पुढे ढकलते. नळ्या तिरप्या असल्यामुळे पुढे जाता जाता जबडे मध्यावर येतात. तीन माणसे तीन तिरप्या वाटांनी एकाच विहिरीवर यावीत तसे.

असा तीन जबड्यांचा पण किल्लीने आवळायचा चक अमेरिकेतील आर्थर जेकब्स याने १९०२ साली काढला. किल्ली हरवली की काम बंद. आमच्या चकाला किल्ली लागत नाही, हात पुरतो, म्हणून मला हाच बरा वाटतो. विजेवरचे ड्रिल १८८९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नला झाले आणि बॅटरीवरचे १९६१ मध्ये अमेरिकेत. गुरुजींनी ही साले मला शोधून दिली.

आता खरे काम. आमच्या यंत्रावर मिनिटाला २०० फेरे असे लिहिले आहे. विजेचे मोठे ड्रिल हजार-दीड हजार फेरे घेते. सातवीच्या मुलांनी गणित करून पाहावे: ३ मिलिमीटर व्यासाच्या बिटाचा परीघ सुमारे ९.४ मिलिमीटर, गुणिले २००, म्हणजे बिटाची कड एका मिनिटात दोन मीटरही चालत नाही. मुंगीसुद्धा त्याच्या बरोबरीने चालेल. आतली छोटी मोटर फार जोरात फिरते, पण मध्ये दातेरी चाके लावून तो वेग कमी केलेला असतो आणि त्याच्या बदल्यात पिळायचा जोर वाढवलेला असतो. स्क्रू पिळायला तेच हवे. भोक पाडताना मात्र धीर धरावा लागतो. जोराने दाबले तर लवकर होईल असे वाटते, पण होत नाही. यंत्र कण्हते, थांबते आणि बॅटरी संपते. बारीक बिट तर वाकून मोडते. आमचे दुसरे बिट असेच गेले.

बिट चकात घालताना त्याचा गोल दांडा आत ढकलायचा, पिळाचा भाग जबड्यात येऊ द्यायचा नाही. एका हाताने चकची मागची बाजू धरायची आणि दुसऱ्याने कडी घट्ट पिळायची. मग बटण हळूच दाबून बघायचे, टोक डुलते का. थोडे डुलणारच, कारण खळग्यात बूड जरा सैल बसते आणि चकमुळे यंत्र पुढे लांब होते. जास्त डुलले तर बिट तिरपे बसले आहे, काढून पुन्हा घालावे. डुलणारे टोक लाकडावर नाचते आणि भलतीकडे जाते, म्हणून आधी खिळ्याच्या टोकाने हातोडीचा एक हलका ठोका देऊन खड्डा करायचा. बिटाचे टोक त्या खड्ड्यात ठेवले की जात नाही कुठे. हा ठोका मी पहिल्यांदा विसरले होते. आमच्या खांबावर दोन ओरखडे आहेत ते त्याचेच.

यंत्राच्या गळ्याजवळ आकड्यांची कडी असेल तर ती भोकाच्या चित्रावर आणावी. कमी आकड्यावर ठेवली तर कट्-कट् आवाज होऊन फिरणे थांबते. यंत्र बिघडले असे वाटते, पण बिघडलेले नसते.

पाव इंच आत गेले की बिट फिरते ठेवूनच बाहेर काढायचे, भुसा झाडायचा, पुन्हा घालायचे. भुसा आत दाटला की बिट गरम होते आणि अडकते. अडकले की नवी गंमत: आमच्या यंत्रात बूड फक्त लोहचुंबकाने धरलेले आहे. मी यंत्र ओढले तर यंत्र हातात आले आणि चक बिटासकट खांबालाच राहिला, गोचिडीसारखा. मग यंत्र परत चकच्या बुडावर बसवून उलट फिरवायचे बटण दाबले आणि फिरवत फिरवत हळू ओढले. उलट फिरवताना कडी सैल होऊ शकते, म्हणून नंतर चक पुन्हा आवळून घ्यावा.

किती खोल जायचे ते कळावे म्हणून आईने बिटाला स्क्रूच्या लांबीवर लाल दोरा बांधून दिला. दोरा लाकडाला टेकला की थांबायचे. मग स्क्रूला थोडा अंगाचा साबण चोळायचा, चक काढायचा, स्क्रूचे टोक घालायचे आणि पिळायचा. साबणाने स्क्रू तुपात गेल्यासारखा जातो.

मांडणी खांबाला जखडायला काकांनी भंगारातून लोखंडी पट्टी आणली होती, ३ मिलिमीटर जाड. तिच्यात भोके पाडायला मात्र फार वेळ गेला. लोखंडाचे बिट वेगळे, खड्डा खोल मारावा लागतो, तेलाचा थेंब सोडत राहावे लागते. आधी ३ मिलिमीटरचे भोक आणि मग तेच ५ चे केले. चार भोकांत बॅटरी दोनदा संपली. पट्टी हाताने धरू नये, हे ठळक लिहिते. बिट पट्टीतून पार व्हायच्या वेळी अडकते आणि पट्टी पात्यासारखी फिरते. आम्ही ती फळीवर दोन खिळ्यांमध्ये अडकवली होती आणि काकांनी वरून पान्याने दाबली होती. वेणी मागे बांधावी, ओढणी आणि बांगड्या काढाव्यात, डोळ्यांवर चष्मा असावा. आजाचा वाचायचा चष्मा मला मोठा होतो, तरी मी तोच घातला. आजूबाजूला विजेची वायर आहे का तेही आधी पाहावे.

आमचे घर कुडाचे आहे. कारवीच्या काड्या, वर माती आणि शेणाचा लेप. कुडात स्क्रू धरत नाही, खांबातच धरतो. म्हणून मांडणी सरकवून खांबाजवळ घेतली. लाकडाच्या खांबाला हे छोटे यंत्र पुरते, असा आमचा अनुभव झाला.

विटांच्या घरात मात्र ते चालत नाही. आत्याचे नवे घरकुल आहे, तिकडे आम्ही मोठ्या ऐटीत गेलो. प्लास्टर गेले, थोडी लाल भुकटी आली, आणि बिट जागेवरच फिरत बसले. विटेला आणि सिमेंटला फिरता फिरता ठोके देणारे ड्रिल लागते, आणि टोकाला कठीण तुकडा बसवलेले वेगळे बिट. आमच्या यंत्रात ठोके नाहीत. आत्याची मांडणी अजून खिळ्यांवर आहे. तिला सध्या हंडा तरी खाली ठेवायला सांगितले आहे.

आमच्या मांडणीला आता चार स्क्रू आणि दोन पट्ट्या आहेत. काम झाल्यावर बाबांनी दोन्ही हातांनी धरून तिला हिसके दिले. ताटे वाजली, तांबे वाजले, मांडणी हलली नाही. मग आजा उठला, त्याने स्वतः हिसका दिला, खांबावरचे माझे दोन ओरखडे बोटाने चाचपले, आणि काही न बोलता परत बाजेवर जाऊन बसला.

ज्या पालकांच्या घरी लाकडी खांब आहे आणि मांडणी खिळ्यांवर आहे त्यांनी रविवारी आमच्याकडे यावे, त्या दिवशी काका घरी असतात. यंत्र आणि चक आम्ही देऊ. ३ मिलिमीटरचे बिट मात्र आपले आणावे, आमच्याकडे आता एकच उरले आहे.