‘अगं, चढ ना त्या होडीत!’

परवा रात्री जेवणं आटोपून आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. पडद्यावर ‘टायटॅनिक’ सुरू होतं. जेम्स कॅमेरॉनचा तो गाजलेला चित्रपट नव्हे. दुर्घटनेला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१२ मध्ये, ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीनं दाखवलेली चार भागांची मालिका. लेखक ज्युलियन फेलोज, म्हणजे ‘डाउनटन अ‍ॅबी’वाले. डेकवर गडबड सुरू झाली, होड्या खाली सोडायची तयारी झाली, आणि आतापर्यंत वाती वळत गप्प बसलेल्या सासूबाई एकदम म्हणाल्या, ‘‘अगं, चढ ना त्या होडीत! बुडणार आहे ते जहाज!’’

शेजारी बसलेला माझा मुलगा हसला. ‘‘आजी, बुडणार आहे हे तुला माहितीये. तिला कुठे माहितीये?’’

तो सहज बोलून गेला, पण बुडणाऱ्या जहाजाची कथा पाहताना आपल्या मनाचं जे होतं, त्याचं मर्म नेमकं याच वाक्यात आहे.

शेवट माहीत असूनही...

ही मालिका ब्रिटनमध्ये दाखवली गेली तेव्हा अनेक प्रेक्षकांनी एक तक्रार केली होती. पहिल्याच भागात जहाज बुडू लागतं आणि पुढच्या भागात कथा पुन्हा मागे जाते. तोच प्रवास, तीच रात्र, फक्त दुसऱ्या माणसांच्या नजरेतून. ‘एकच जहाज किती वेळा बुडवणार?’ असा त्यांचा सूर होता. तरीही लोक पाहत होतेच. आपणही पाहतो. कुणाला काय होणार हे ठाऊक असताना घसा दाटतो, हात घट्ट आवळले जातात.

दुःखाची कथा मुद्दाम पाहण्यात काय सुख? ऑक्सफर्ड विद्यापीठातील रॉबिन डनबार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा एक मजेदार प्रयोग केला. २०१६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काही जणांना त्यांनी मन हेलावून टाकणारा चित्रपट दाखवला आणि काहींना साधे माहितीपट. आधी आणि नंतर प्रत्येकाला भिंतीला पाठ टेकवून, खुर्चीशिवाय खुर्चीत बसल्यासारखं राहायला सांगितलं. मांड्या भरून येईपर्यंत कोण किती वेळ टिकतं, हे मोजलं. हेलावणारा चित्रपट पाहिलेल्यांची वेदना सोसण्याची क्षमता सरासरीनं वाढलेली दिसली, आणि सोबत बसून पाहणाऱ्यांबद्दलची जवळीकही. यामागे मेंदूत स्रवणारी एंडॉर्फिन ही रसायनं असावीत, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेव्हा घरातलं कुणी मालिका पाहून डोळे पुसत असेल तर हसू नका. त्या रडण्यात थोडं औषधही असतं.

‘मी असते तर’

रडून झालं की दुसरी प्रतिक्रिया येते, ती रागाची. कसे हे लोक! होड्या समोर असताना बसले का नाहीत? कप्तानाला कळलं नाही का? मी असते तर...

१४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी टायटॅनिक हिमनगाला घासलं आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडालं. मध्ये दोन तास चाळीस मिनिटं होती. जहाजावर सुमारे २,२०० माणसं होती. २० जीवरक्षक होड्यांत मिळून जागा होती १,१७८ जणांना. म्हणजे निम्म्या लोकांना होडी नव्हतीच. पण त्याहून चटका लावणारी गोष्ट अशी, की जेवढ्या जागा होत्या त्याही भरल्या नाहीत. धडकेनंतर सुमारे तासाभरानं पहिली होडी खाली सोडली गेली, तेव्हा ६५ जणांच्या त्या होडीत तीसही माणसं नव्हती. एका लहान होडीत ४० जणांची सोय होती. ती १२ जणांना घेऊन गेली. शेवटी वाचले जेमतेम सातशे.

हे आज वाचताना वेड्यासारखं वाटतं. पण त्या डेकवर उभं राहून पाहा. पायाखाली भलंमोठं जहाज आहे, दिवे लख्ख आहेत, वाद्यवृंद वाजतो आहे. धक्का इतका हलका होता की अनेकांची झोपही मोडली नव्हती. जहाज बुडतं आहे असं सर्वांना स्पष्ट सांगणारा एकही भोंगा वाजला नाही. आणि समोर आहे एक हलणारी लाकडी होडी, जी दोरांवरून सहा-सात मजले खाली, काळ्याकुट्ट पाण्यात जाणार आहे. खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं?

झालेली गोष्ट कळल्यावर ती ‘होणारच होती’ असं वाटू लागतं. मानसशास्त्रात याला पश्चातबुद्धीचा दोष म्हणता येईल. बारूक फिशहॉफ आणि रूथ बेथ यांचा १९७५ मधील अभ्यास यासाठी प्रसिद्ध आहे. अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन १९७२ मध्ये चीन आणि सोव्हिएत रशियाच्या दौऱ्यावर जाणार होते. काय काय घडण्याची शक्यता आहे, हे संशोधकांनी विद्यार्थ्यांकडून आधीच आकड्यांत लिहून घेतलं. दौरे झाल्यावर काही काळानं विचारलं, तुम्ही तेव्हा काय लिहिलं होतं, आठवतं? जे घडलं असं विद्यार्थ्यांना वाटत होतं, त्याला आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं त्यांना मनापासून आठवत होतं. ते खोटं बोलत नव्हते. निकाल कळला की आपली आठवणसुद्धा निकालाच्या बाजूनं झुकते.

शिवाय संकटाच्या पहिल्या क्षणांत बहुतेक माणसं किंचाळत धावत सुटत नाहीत. ती थबकतात. ‘काही नसेल’ म्हणतात, इतरांकडे पाहतात, सामान आवरतात. इतर शांत आहेत म्हणून आपण शांत, आणि आपल्याला शांत पाहून इतर शांत. बचावाचा अमूल्य वेळ असा निघून जातो.

‘आधी बायका-मुलं’

तिसरी प्रतिक्रिया हळहळीची आणि थोडी अभिमानाची असते. ‘त्या काळी माणुसकी होती. आधी बायका-मुलांना वाचवलं!’ टायटॅनिकवर कप्तानानं तसा आदेश दिला होता आणि तो बऱ्याच अंशी पाळला गेला, हे खरं आहे. पण त्यातही वर्ग होता. ब्रिटिश चौकशी अहवालानुसार पहिल्या वर्गातल्या ९७ टक्के स्त्रिया वाचल्या. तिसऱ्या वर्गातल्या ४६ टक्के. तिसऱ्या वर्गातल्या मुलांपैकी वाचली जेमतेम एक तृतीयांश.

आणि टायटॅनिक हा नियम नव्हे, अपवाद होता. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाचे मिकाएल एलिंडर आणि ऑस्कर एरिक्सन यांनी २०१२ मध्ये १८ जहाज दुर्घटनांची आणि त्यांतील १५ हजारांहून अधिक माणसांची माहिती तपासली. एकंदरीत पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांचं वाचण्याचं प्रमाण कमी निघालं. प्रवाशांपेक्षा खलाशी अधिक वाचले होते.

वेळेचाही फरक पडतो. १९१५ मध्ये जर्मन पाणबुडीनं बुडवलेलं ‘लुसिटानिया’ अवघ्या १८ मिनिटांत गेलं. ब्रूनो फ्राय आणि सहकाऱ्यांनी दोन्ही जहाजांची तुलना केली. लुसिटानियावर तरुण आणि धडधाकट प्रवासी अधिक प्रमाणात वाचले. टायटॅनिकवर स्त्रिया आणि मुलं. विचार करायला वेळ मिळाला तर सभ्यतेला जागा मिळते, असा त्याचा अर्थ संशोधकांनी लावला. म्हणून माणसांच्या चांगुलपणावर विसंबण्यापेक्षा पुरेशा होड्या, आधी केलेला सराव आणि स्पष्ट सूचना यांवर विसंबणं शहाणपणाचं. टायटॅनिकनंतर १९१४ मध्ये समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, तो याच जाणिवेतून.

‘पोहले का नाहीत?’

हा प्रश्न माझ्या मुलाचा. बहुतेकांच्या अंगावर जॅकेट होतं ना? होतं. टायटॅनिकवर लाइफ जॅकेट तीन हजारांहून जास्त होती, सर्वांना पुरून उरतील इतकी. पाण्यात पडलेल्यांपैकी पुष्कळ जण तरंगत होते. मग ते गेले कशानं?

त्या रात्री पाण्याचं तापमान होतं उणे दोन अंश सेल्सियसच्या आसपास. समुद्राचं पाणी खारट असल्यानं शून्याखालीही गोठलेलं नसतं. आणि हवेच्या मानानं पाणी शरीरातली उष्णता सुमारे २५ पट वेगानं ओढून नेतं.

पण मालिकांमध्ये दाखवतात तसा माणूस दोन मिनिटांत ‘गोठून’ मरत नाही. पोर्ट्समथ विद्यापीठाचे प्रा. माइक टिप्टन यांच्यासारख्या संशोधकांनी या मृत्यूचे टप्पे उलगडून दाखवले आहेत. पहिला टप्पा शीतधक्क्याचा. थंड पाणी अंगाला लागताच तोंडातून आपोआप मोठा ‘हाऽऽ’ निघतो, श्वास आत ओढला जातो. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणीच छातीत जातं. पुढे मिनिट-दोन मिनिटं धाप थांबत नाही, नाडी आणि रक्तदाब एकदम चढतात; हृदयविकार असलेल्यांना हा टप्पा जीवघेणा ठरू शकतो. दुसरा टप्पा दहा-पंधरा मिनिटांत येतो. हातापायांचे स्नायू गार पडतात, बोटं वळत नाहीत, पट्टीचा पोहणाराही पोहू शकत नाही, समोर आलेला दोर धरता येत नाही. शरीराचं आतलं तापमान धोक्याच्या पातळीखाली जायला त्यानंतरही बराच वेळ लागतो. अशा पाण्यातसुद्धा बहुधा अर्धा तास किंवा जास्त. टायटॅनिकच्या प्रवाशांना वाचवणारं ‘कार्पेथिया’ आलं पहाटे चारच्या सुमारास. जहाज बुडून तोवर दीड तास उलटून गेला होता.

कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी हे लक्षात ठेवायला सोपं केलं आहे: एक-दहा-एक. एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातापायांनी काही उपयोगाचं करायला, आणि शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. पहिलं मिनिट पोहण्याचं नसतं, तरंगण्याचं असतं.

आणखी एक गैरसमज टायटॅनिकच्याच नावावर आहे. जहाजाचे मुख्य बेकर चार्ल्स जॉगिन पाण्यातून वाचले आणि आपण त्या रात्री मद्य घेतलं होतं हे त्यांनी चौकशीत सांगितलं. तेव्हापासून ‘दारूनं वाचवलं’ ही दंतकथा सुरू झाली. दारूनं ऊब वाटते, कारण त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात. पण त्याच वाटेनं शरीरातली उष्णता बाहेर जाते, आणि बुद्धी मंदावते ती वेगळीच. गारठलेल्या माणसाला ब्रँडी पाजू नये, हातपाय जोरानं चोळू नयेत. त्याला आडवं ठेवावं, ओले कपडे काढून कोरडं पांघरूण द्यावं आणि लवकर दवाखान्यात न्यावं.

आपल्या पाण्यात

आपला समुद्र इतका गार नाही. पण ऋषिकेशला किंवा मनालीला राफ्टिंगला जाणारी मराठी मंडळी ज्या नद्यांत उतरतात, त्यांचं पाणी बर्फाचंच असतं. तिथे एक-दहा-एक लक्षात ठेवावं. आणि कोकणच्या कोमट पाण्यात शीतधक्का नसला तरी दमछाक, घाबरगुंडी आणि नाकातोंडात जाणारं पाणी असतंच.

सासूबाईंचं माहेर रेवसच्या बाजूचं. मालिका संपल्यावर त्यांनी ‘रामदास’चा विषय काढला. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ही बोट पावसाळी समुद्रात कलंडली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण लहानपणी घरात ती गोष्ट इतक्यांदा ऐकलेली की अजून त्या बोटीत पाय ठेवताना नमस्कार करतात. ‘‘आमच्याकडेही लोक म्हणायचे, असल्या हवेत गेले कशाला? पण सणाला घरी जायचं होतं हो सगळ्यांना. बोट रोजचीच होती.’’

रोजची बोट. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेली ‘नीलकमल’ही रोजचीच होती. नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसून १५ जीव गेले. तोवर आपण कितीदा त्या वाटेनं गेलो होतो, आणि कितीदा जॅकेट मागून घेतलं होतं?

जॅकेट घालायचं ते बोट सुटण्याआधी, छातीचे पट्टे आवळून. पाण्यात पडल्यावर ते घालणं जवळपास अशक्य असतं. मुलांना त्यांच्या मापाचं द्यावं. बसल्यावर बाहेर पडायची वाट कुठे आहे ती पाहून ठेवावी. आणि काही विचित्र वाटलं, तर इतरांचे चेहरे पाहत थांबू नये.

दिवाळीनंतर आम्ही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणार आहोत. सासूबाईंनी आत्तापासूनच बजावून ठेवलं आहे, ‘‘मला ते नारिंगी जाकीट आधी द्या. नमस्कार नंतर करीन.’’