रात्रीच्या ऑस्टसीवर निघण्यापूर्वी

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही तीन कुटुंबांनी मिळून शिडाची बोट भाड्याने घेतली होती. डेन्मार्कहून कीलकडे परतताना वारा पडला, आणि लाबोला संध्याकाळी पोचायचे ते रात्री साडेअकराला पोचलो. मुले खाली झोपली होती. फोर्डमध्ये शिरताना आमच्यापैकी कुणीतरी चिवड्याचा डबा शोधायला केबिनचा पांढरा दिवा लावला. सुकाणूवर बसलेल्यांना त्यानंतर काही दिसेना, आणि दिवा नसलेला एक बोया अगदी हाताच्या अंतरावरून गेला.

यात रसायनशास्त्र आहे, म्हणून थोडे सांगतो. अंधारात आपण पाहतो ते डोळ्यांतल्या ऱ्होडॉप्सिन या रंगद्रव्यामुळे. पांढऱ्या उजेडाने ते विघटित होते आणि पुरते भरून यायला वीस ते तीस मिनिटे लागतात. मंद लाल उजेड ते फारसा शोषत नाही, म्हणून लाल टॉर्च. मात्र त्या उजेडात नकाशावरच्या लाल-जांभळ्या खुणा दिसेनाशा होतात! तेव्हा मार्ग, बोये आणि दिव्यांचे ठोके दिवसाच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. पूर्वेची खूण तीनदा चमकते, दक्षिणेची सहादा आणि वर एक लांब, पश्चिमेची नऊदा, उत्तरेची अखंड. घड्याळ आठवले की झाले.

बोटीचे दिवे बंदरातच तपासावेत: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, मागे पांढरा. इंजिन लावले की शिडे वर असली तरी आपली बोट मोटरबोट ठरते आणि पुढे दिसणारा आणखी एक पांढरा दिवा लागतो. तो आम्ही विसरलो होतो.

अंधार पडल्यावर डेकवर येणाऱ्याने जॅकेट घालून पट्टा अडकवलाच पाहिजे. पुरुषमंडळींनी कठड्याशी उभे राहून 'मोकळे' होणे बंद. खाली शौचालय आहे. संकटात व्हीएचएफ चॅनल १६ वर ब्रेमेनचे बचावकेंद्र ऐकत असते. सेट कसा वापरायचा हे दोघांना तरी यावे.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्यांना पहाऱ्यावर बदली माणूस नव्हता. आपल्याकडे असतो, तर तीन-तीन तासांच्या पाळ्या आधीच ठरवाव्यात.

यंदाच्या आमच्या यादीत आणखी एक ओळ आहे: चिवड्याचा डबा सूर्य मावळण्यापूर्वी वर आणून ठेवणे.