चौरसाला आयतांच्या पंगतीत बसवायचे का?

चौरस हा आयत आहे का, असे विचारले की शिकलेली माणसेही क्षणभर अडखळतात. आयत म्हटले की डोळ्यांपुढे लांबट आकृती येते, कारण फळ्यावर आणि पुस्तकात तो बहुतेक वेळा तसाच काढलेला असतो. पण चित्र म्हणजे व्याख्या नव्हे. ज्या चौकोनाचे चारही कोन काटकोन, तो आयत, एवढेच व्याख्या सांगते. त्यातून समोरासमोरच्या बाजू समान असल्याचे सिद्ध करता येते. लगतच्या बाजू असमानच हव्यात, अशी अट मात्र कुठेही नाही. चौरसाचे चारही कोन काटकोन असतात, म्हणून तो आयतच. चारही बाजू समान, ही त्याची जादा अट. ती सगळे आयत पाळत नाहीत, म्हणून प्रत्येक आयत चौरस नसतो. याच न्यायाने चौरस समभुज चौकोनही ठरतो.

यावर कोणी म्हणेल, खुद्द युक्लिडनेच दोघांना वेगळे ठेवले आहे. खरे आहे. ‘एलिमेंट्स’च्या पहिल्या खंडातली बाविसावी व्याख्या चौरसाला समभुज आणि काटकोनी म्हणते, तर लांबट आकृतीला काटकोनी पण समभुज नसलेली. व्याख्या हा शेवटी संकेत असतो, त्यामुळे युक्लिड चुकला असे म्हणता येणार नाही. मात्र कोणता संकेत सोयीचा, हे तपासता येते. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णाचा नियम आधी येतो आणि आयताच्या कर्णाचा नंतर, स्वतंत्रपणे. चौरसाला आयतांत घेतले की दुसऱ्या नियमातच पहिला सामावतो. गवंड्याचा अनुभवही हेच सांगतो. समोरासमोरच्या भिंती सारख्या असल्या की तो फीत ताणून दोन्ही कर्ण मोजतो. ते सारखे भरले की खोली काटकोनात आहे. १२ बाय ९ फुटांच्या खोलीत दोन्ही कर्ण १५ फूट भरतील, १० बाय १० च्या खोलीत सुमारे १४.१४ फूट. मापे वेगळी, पण कसोटी एकच.

चौरसाला बाहेर ठेवले तर काय बिघडते, हे कुंपणाच्या हिशेबात नेमके कळते. २४ मीटर कुंपणात जास्तीत जास्त जागा देणारा आयत कोणता? ८ बाय ४ चे क्षेत्रफळ ३२ चौरस मीटर, ७ बाय ५ चे ३५, ६.१ बाय ५.९ चे ३५.९९. बाजूंमधला फरक कमी करत गेलो की क्षेत्रफळ ३६ च्या जवळ सरकत राहते, पण ३६ गाठतो तो फक्त ६ बाय ६ चा चौरस. तो आयत नाही असे ठरवले, तर या साध्या प्रश्नाला उत्तरच उरत नाही.

राहिला व्यवहाराचा आक्षेप. चौरस टेबलाला कोणी आयताकृती म्हणत नाही, हे मान्य. बोलताना आपण सर्वांत नेमका शब्द वापरतो, पण त्यामुळे व्यापक शब्द खोटा ठरत नाही. तेव्हा एखाद्या मुलाने चौरसावर बोट ठेवून ‘हा आयत आहे’ म्हटले, तर फुली मारू नका. ‘कशावरून?’ एवढेच विचारा. ‘चारही कोन काटकोन आहेत’ असे तो म्हणाला, की पूर्ण गुण द्या.